खेळाडूच्या नावाची षष्ठी

सचिन तेंडुलकर यांच्या नावाचे 'तेंडुलकर्स' हे उपाहारगृह मुंबईत कुलाब्याला २००२ मध्ये सुरू झाले आणि काही वर्षांतच बंदही पडले. पुढे श्रीरामपूरच्या झहीर खान यांनी पुण्यात 'झेडकेज' काढले आणि नंतर 'टॉस' नावाचे स्पोर्ट्स लाउंजही. तेंडुलकर तेव्हा ऐन भरात खेळत होते, तर झहीर २०१५ मध्ये निवृत्त झाले. अशा ठिकाणांविषयी वृत्तपत्रांच्या खाद्यपुरवण्या लिहितात. साहित्याच्या अभ्यासकांनी त्यांची दखल घ्यावी असे आम्हांला वाटते, ते त्यांच्या पाट्यांमुळे.

'तेंडुलकर्स'मधला अखेरचा 'स' वर्गात वाचून दाखवला तर मुले त्याला अनेकवचन समजतात. तो इंग्रजी षष्ठीचा प्रत्यय आहे. आपल्याकडे षष्ठीचा अर्थ 'संबंध' असा शिकवला जातो. मग प्रश्न असा, की हा संबंध कोणता? 'काकूंची खानावळ' म्हटले की आमटीला काकूंचा हात लागलेला असतो. आमच्या सोलापुरात सावजी मटणाच्या खानावळीत मालक बहुधा गल्ल्यावरच बसलेला असतो. रस्सा खारट झाला तर त्यालाच हाक मारायची. तिथली षष्ठी रोज दोन वेळा सिद्ध होते. खेळाडूच्या हॉटेलात नाव पाटीवर, क्रिकेट भिंतीवर आणि सामना पडद्यावर. यजमान मात्र सहसा कुठेच नाही. आपण त्याच्या घरी जेवायला आल्याचा भास तेवढा बिलात धरलेला असतो.

आमचे काही सहकारी म्हणतात, की यात वावगे काय? पस्तिशीच्या आसपास ज्याची कारकीर्द संपते त्याने पैसा कुठे तरी गुंतवायचाच, आणि बहुतेक मोठ्या हॉटेलांचे मालक ग्राहकाला दिसत नाहीत. धंद्याला आमची हरकत नाहीच. पण इतर मालक भांडवल आणतात. हा नाव आणतो, आणि ते नाव त्याच्या एकट्याच्या कष्टाने झालेले नसते. मैदानात टाळ्या वाजवणाऱ्यांचाही त्यात वाटा असतो. आपण दिलेलेच नाव आपल्याला ताटात वाढून पुन्हा विकले जात असेल, तर निदान यजमान कुठे आहे एवढे विचारण्याचा हक्क आपल्याला असावा.

न्यूयॉर्कमध्ये हा प्रश्न कुणाला पडला नसता. १९१९ ते १९२६ या काळात हेवीवेट मुष्टियुद्धाचा जगज्जेता असलेल्या जॅक डेम्प्सीने १९३५ मध्ये तिथे उपाहारगृह काढले आणि ते १९७४ पर्यंत चालले. तो खिडकीजवळच्या टेबलाशी बसे आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांशी हस्तांदोलन करी. ('द गॉडफादर' चित्रपटात मायकेलला गाडीत घेतात ते याच जागेसमोर.) म्हाताऱ्या मल्लाने रोज संध्याकाळी स्वतःचेच प्रदर्शन मांडावे यात कारुण्य आहे, हे कबूल. पण त्याच्या नावाची षष्ठी खरी होती. हात त्याचाच असे.

आपल्याकडे ओघ उलटा होता. इथे खेळाडू लोकांना जेवू घालत नसे, लोक खेळाडूला जेवू घालत. 'खुराक' हा शब्दच पाहा. दूध, तूप, बदाम हे सारे कुणी तरी पुरवायचे असते, हे त्यात गृहीत आहे. कोल्हापूरला १९१२ मध्ये खासबाग मैदान उभारणाऱ्या शाहू महाराजांनी तो भार राज्याकडे घेतला होता. खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीला गेले ते लोकवर्गणीवर, आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून दिलेल्या पैशावर. कांस्यपदक घेऊन परतल्यावर ते देणे फेडण्यासाठी खाशाबांनी कुस्त्या केल्या. १९५५ मध्ये ते पोलीस खात्यात फौजदार झाले. त्यांच्या नावाच्या पाटीखाली कुणी मेजवानी झोडली नाही.

आणि ज्यांच्या वाट्याला खुराकही आला नाही, त्यांचे काय? शेजारच्या धाराशिवच्या सारिका काळे भारतीय महिला खो-खो संघाच्या कर्णधार होत्या. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत त्यांच्या संघाने सुवर्णपदक मिळवले आणि २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. घरच्या परिस्थितीमुळे जवळजवळ दहा वर्षे आपण एकवेळच्या जेवणावर काढली, असे त्यांनीच तेव्हा सांगितले होते. स्पोर्ट्स बारच्या भिंतीवर बॅट टांगता येते, ही भूक टांगता येत नाही. शिवाय तिथल्या पडद्यावर खो-खो लावा, असे कोण म्हणणार? आयपीएलच्या दिवसांत आमच्या शहरातले साधे परमिट रूमसुद्धा स्पोर्ट्स बारच होतात, आणि खेळ म्हणजे क्रिकेट हे तिथेही ठरलेलेच असते. तेव्हा नाव विकता येण्याइतके मोठे होणे हीसुद्धा एका खेळाची मिरासदारी आहे. 'माजी खेळाडूचे हॉटेल' हा प्रकार आपल्याकडे बव्हंशी 'माजी क्रिकेटपटूचे हॉटेल' असतो, तो यामुळेच.

सारिका काळे यांची नेमणूक तुळजापूरला तालुका क्रीडा अधिकारी म्हणून झाली होती. सोलापूरहून तुळजापूर पंचेचाळीस-एक किलोमीटर आहे आणि नवरात्रात ही वाट पायी चालणाऱ्या भक्तांनी भरून जाते. या रस्त्यावर एखाद्या खो-खोपटूच्या किंवा पैलवानाच्या नावाची पाटी दिसली, तर आम्ही तिथे जरूर जेवू. गल्ल्यावर कोण बसले आहे, ते मग विचारणार नाही.