मृगाआधी ओढ्यावर या

जुन्नर-आंबेगावकरांनो, आधी आपल्या ओढ्याच्या कडेने एक चक्कर मारून या. मग पुढचं वाचा.

परवा आमच्या ओढ्याच्या वळणावर उभा होतो. उंबराच्या मुळ्या उघड्या पडल्यात. शेजारी ठिबकची नळी अधांतरी लोंबतेय. गेल्या साली तिच्याखाली कांद्याचा वाफा होता. दरडीतून ढेकूळ काढलं, तर मुठीत चुरा झाला. पुरुषभर खोल पोयटा! यंदाच्या पुरात तो सुटला, की जाणार डिंभ्याच्या, वडजच्या नाहीतर येडगावच्या धरणाच्या गाळात.

काठ ढासळतो वरून, पण तुटतो खालून. वळणाच्या बाहेरच्या अंगाला पाणी पायथा पोखरतं आणि पूर ओसरला, की भिजून जड झालेली दरड बसते. म्हणून वरून माती लोटण्यात अर्थ नाही. नुसती सिमेंटची भिंत बांधली, तर पाण्याचा मार पुढच्या शेतावर जातो. जेसीबी लावून ओढा सरळ केला, तर पाणी आणखी पिसाळतं. मशीन सांगून ठेवलेल्यांना हे रुचणार नाही, तरी थांबा.

मृग ७-८ जूनला लागतो. त्याआधी पायथ्याला मोठे दगड एकमेकांत अडकवून रचा. दगड शेतातले घ्या. ओढ्याच्या तळातले उचलाल, तर तळच खचेल. पहिल्या पावसाने माती ओली झाली, की निर्गुंडीचे आणि वाळुंजाचे अंगठ्याएवढे जाड, ताजे फोक तोडा. काहींच्या मोळ्या सुतळीने बांधून दगडांच्या वर आडव्या ठेवा, खुंट्या ठोका, माती दाबा. उरलेले फोक दोन हिस्से जमिनीत, एक हिस्सा वर, असे उतारावर रोवा. निर्गुंडी फोकावरून सहज फुटते आणि गुरं तिला सहसा तोंड लावत नाहीत. या फोकांच्या वर वाळ्याचे ठोंब काठाला समांतर ओळीत, वीतभर अंतराने लावा. वाळ्याची मुळं आडवी पसरत नाहीत. दोन-तीन मीटर सरळ खाली जातात. करंज, जांभूळ थोडे मागे. बांबू हवाच असेल, तर अगदी कडेला नको, त्याची मुळं उथळ.

आणि उसाची एक सरी कमी घ्या. ओढ्याला चिकटून नांगर घालायचा आणि काठ गेला म्हणून पंचनामा मागायचा, हे आपलं आपल्यालाच शोभत नाही. काठावरचं गवत पेटवू नका. पहिली दोन वर्षं शेळ्या तिथं सोडू नका.

एकट्याचा काठ टिकत नाही. वरच्याने, खालच्याने आणि समोरच्याने मिळून करायचं काम आहे हे. या आठवड्यात ग्रामपंचायतीत विषय काढा, काठ जिथं जिथं तुटतोय तिथं चुन्याची खूण करा आणि घरटी एक माणूस कोयता-पहार घेऊन या. सुतळी जास्तीची आणा. पहिला पूर ओसरला, की सुटलेल्या मोळ्या पुन्हा बांधाव्या लागतील.