वेशीवरचा ब्रश

आमची पुतणी ऑकलंडला एका वृद्धाश्रमात नर्स आहे. परवा तिचा फोन आला. रविवारी दुपारी ती सोबतच्या बाईबरोबर तिच्या चर्चच्या मंडळींत सामील होऊन रानातून समुद्रापर्यंत पायी जाऊन आली होती. ऐकताच वहिनींचा पहिला प्रश्न, "तुला बाटवलं तर नाही ना?"

शहराच्या पश्चिमेला वाइटाकेरे डोंगर आहेत. रान दाट, पण सापाचे भय नाही. न्यूझीलंडच्या रानात साप नाहीतच. तेथे काउरी नावाचा हजार-हजार वर्षे जगणारा वृक्ष आहे. एकोणिसाव्या शतकात गोऱ्यांनी लाकडासाठी त्याची जंगलेच्या जंगले तोडली. उरलेल्या झाडांना आता मुळे कुजवणारा रोग लागला आहे. तो मातीतून पसरतो, बुटाला चिकटलेली चिमूटभर मातीही पुरते आणि तो पुरता बरा करणारे औषध नाही. डिसेंबर २०१७ मध्ये ते कावेराऊ आ माकी या तिथल्या मूळच्या माओरी जमातीने आपल्या रिवाजाप्रमाणे रानात पाऊल टाकण्यास बंदी घातली. पुष्कळांनी ती मानली नाही. २०१८ साली ऑकलंड कौन्सिलनेच रानवाटा बंद केल्या. पुढे वाटा दुरुस्त करून एकेक उघडल्या. वेशीवर ब्रश आणि जंतुनाशक ठेवलेले असते. जाताना बूट घासायचे, येताना पुन्हा घासायचे.

पाद्री वाकून बूट घासत होते, सत्तरीची आजी घासत होती. पुतणी म्हणाली, "काका, मला एकदम कमरेचा झाडू आठवला."

प.पू. बाबासाहेबांनी १९३६ च्या आपल्या न झालेल्या भाषणात लिहून ठेवले आहे की, पेशवाईत पुण्यात अस्पृश्याला कमरेला झाडू बांधावा लागे. त्याच्या पावलांची धूळ पुसली जावी म्हणून! इथे मात्र ब्रश प्रत्येकाच्या हाती. पाद्र्याच्या बुटाची माती आणि आमच्या पोरीच्या बुटाची माती झाडाला सारखीच घातक.

आम्ही भारावून जाणाऱ्यांपैकी नव्हे. १८४० च्या वाइटांगी करारानंतर माओरींच्या जमिनी कशा गेल्या ते आम्ही वाचले आहे. आपल्याच देशात काही चर्चमध्ये दलित ख्रिश्चनांची दफनभूमी वेगळी असते, हेही ठाऊक आहे.

खाली पिहाचा काळ्या वाळूचा किनारा लागला. तेथे मंडळी प्रार्थनेला उभी राहिली. पोरीने सरळ सांगितले, "मी बौद्ध आहे, मी बाजूला थांबते." कोणी वाईट वाटून घेतले नाही. आजीने फक्त आपला थर्मास तिच्या हाती दिला, वाळू लागू देऊ नकोस म्हणाली. प्रार्थना झाल्यावर सर्वांना चहा पोरीनेच ओतला. सर्वांनी घेतला.

फोन ठेवल्यावर वहिनी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "किती वर्षांत समुद्र नीट पाहिला नाही हो."

"दर सहा डिसेंबरला दादरला जाता की, वहिनी!"

"तो रांगेतून दिसतो, भाऊजी. आणि डबे माझ्याच हातात असतात."

यावर आम्हाला उत्तर सुचले नाही. रविवारचे डबे कोण करणार, यावर सध्या घरात चर्चा चालू आहे.