रस्ता महापालिकेचा, आराखडा कुणाचा?

पुण्याच्या विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल २०२० मध्ये पाडला गेला, कारण नव्या मेट्रोमार्गाच्या आड तो येत होता. शहराच्या एकाच रस्त्यावर महापालिका, पीएमआरडीए (महानगर विकास प्राधिकरण), महामेट्रो आणि पीएमपी (शहर बससेवा) स्वतंत्रपणे काम करतात, तेव्हा असे होणारच. ७४ व्या घटनादुरुस्तीने शहर नियोजन, रस्ते आणि पूल हे विषय स्थानिक संस्थांच्या यादीत घातले. पण मेट्रोचे मोठे निर्णय मुंबई-दिल्लीतच झाले. मार्च २०२२ मध्ये तर महापालिकेची मुदत संपली आणि पुढे काही वर्षे जाब विचारायला निवडून आलेले सभागृहच उरले नाही.

असे निर्णय सभागृहाकडे द्यावेत म्हटले, की नगरसेवक वॉर्डापलीकडे पाहत नाहीत, त्यांना तांत्रिक ज्ञान नसते, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य आहे, आणि बोगदा कसा खणायचा हे अभियंत्यांनीच ठरवावे. मात्र मेट्रो स्थानकाच्या जिन्याने खाली उतरलेल्या आजीला बसथांबा किती पावलांवर हवा, फुटपाथवरचा विजेचा डीपी बॉक्स कुठे हलवायचा, खोदलेला चर पावसाळ्यापूर्वी कोण बुजवणार, हे प्रश्न प्रभाग समितीत सुटायला हवेत, तेही निविदा निघण्याआधी. सभागृहाच्या मंजुरीशिवाय रस्त्याला कुदळ लागू नये.