गुंठा, आर आणि चौरस फूट

मावळातील एखाद्या शेतकऱ्यास त्याची जमीन किती असे विचारावे, तर तो 'वीस गुंठे' असे सांगेल. तिचा सातबारा पाहावा, तर तेथे हेक्टर, आर आणि चौरस मीटर यांचे आकडे आढळतील. आणि तीच जमीन विकावयास निघाली, म्हणजे तिचा भाव चौरस फुटाने बोलला जाईल. एकाच मातीची ही तीन मापे. यांत बिघडले काय, असे पुष्कळांस वाटते. आमच्या मते पुष्कळच बिघडले आहे. आणि ज्यांचे बिघडते त्यांस ते बहुधा व्यवहार उरकल्यावर कळते.

प्रथम हिशेब पाहू. गुंठा म्हणजे ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद जागा, अर्थात १,०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. आर म्हणजे १०० चौरस मीटर, सुमारे १,०७६ चौरस फूट. दोहोंत अंतर अवघे तेरा चौरस फुटांचे, म्हणून दोन्ही एकच समजण्याचा मोह होतो. परंतु वीस गुंठ्यांचे २१,७८० चौरस फूट होतात आणि वीस आरांचे सुमारे २१,५२८. मध्ये जे २५२ चौरस फूट नाहीसे होतात, त्यांत एक ऐसपैस खोली उभी राहते. याहून घातक गोष्ट म्हणजे 'गुंठा म्हणजे हजार फूट' असे तोंडी गणित मांडणे. पाच गुंठ्यांत येथे ४४५ चौरस फूट बुडतात; दर चौरस फुटास हजार रुपये धरला, तर ही रक्कम ४ लाख ४५ हजार होते. ती कोणाची बुडते? भाव गुंठ्याने ठरला आणि मोजणी हजाराच्या हिशेबाने झाली, तर घेणाराची; भाव फुटाने ठरला आणि गुंठ्याचे हजारच फूट धरले, तर देणाऱ्या शेतकऱ्याची. ज्यास त्रैराशिक येत नाही तो बुडतो आणि ज्याने माप निवडले तो तरतो, एवढाच यातील नियम.

यावर पहिला आक्षेप अभिमानी मंडळींचा. गुंठा हे आपले पूर्वापार माप, ते का सोडावे, असे ते म्हणतात. आम्ही त्यांस इतिहासाचीच आठवण देतो. पेशवाईत जमीन काठी, पांड, बिघा आणि चाहूर यांनी मोजीत. एकर आणि तेहेतीस फुटी साखळीचा गुंठा हे आपल्या दप्तरांत रुळले ते इंग्रजी मोजणीमुळे. गोल्डस्मिड व विंगेट यांच्या हाताखाली इंदापूर तालुक्यात १८३६ च्या सुमारास जी सारापद्धती ठरली, तिच्या मागोमाग. तेव्हा वाडवडिलांचे म्हणून ज्यास कवटाळावयाचे, ते माप सरकारी वसुलीच्या सोयीने आपल्या अंगी लागलेले आहे. आमचे गुंठ्याशी वैर नाही. तो जिभेवर खुशाल राहो. कागदावर तो एकटा असू नये, एवढेच आमचे म्हणणे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. खिशातील दूरध्वनीयंत्र क्षणात रूपांतर करून देते, मग हे पाठांतर कशास? यंत्र गुणाकार करते हे खरे. काय गुणावयाचे हे ते सांगत नाही. एका मीटरचे ३.२८ फूट होतात, म्हणून चौरस मीटरासही ३.२८ ने गुणणारे सुशिक्षित गृहस्थ आम्ही पाहिले आहेत. वास्तविक तेथे १०.७६ ने गुणावयास पाहिजे. मावळच्या इंद्रायणी तांदळाचेच पाहा. पायली म्हणजे चार शेर. पण हे माप आकारमानाचे आहे, वजनाचे नव्हे. पायलीचे किलो किती, या प्रश्नास पायलीत भात आहे की तांदूळ, आणि माप सपाट भरले की शिगोशीग, हे ठाऊक झाल्यावाचून उत्तर नाही. हे विचारावयाचे भान मनुष्यासच असावे लागते.

आता लोणावळ्याच्या बाजारात चला. तेथे गिऱ्हाईक 'पावशेर चिक्की' मागते आणि दुकानदार अडीचशे ग्रॅम देतो. ऐंशी तोळ्यांच्या जुन्या शेराचा पाव सुमारे २३३ ग्रॅमचा. म्हणजे शब्द जुना राहिला आणि गिऱ्हाइकास उलट सतरा ग्रॅम अधिक मिळाले. येथे फसवणुकीस वाव का नाही? १९५६ चा वजने-मापांचा कायदा झाला, १९५८ च्या ऑक्टोबरपासून दशमान वजने टप्प्याटप्प्याने आली, आणि आज पुड्यावर ग्रॅमचा आकडा छापावाच लागतो. २००९ च्या वैधमापन कायद्याने तर प्रमाणित मापाखेरीज अन्य मापाने किंमत जाहीर करण्यासही मनाई केली आहे. त्याची अक्षरे जमिनीस कितपत लागू पडतात, हा वाद वकिलांनी करावा; त्यामागील न्याय तिला लागू पडतो, याविषयी आम्हांस शंका नाही. शेदीडशे रुपयांच्या चिक्कीस जे संरक्षण, ते जन्मभराच्या पुंजीस नसावे, आणि पिढीजाद वावर विकणाऱ्या कुणब्यासही नसावे, हा कोठला न्याय?

आमची मागणी लहान आहे. जमिनीच्या प्रत्येक जाहिरातीत, इसारपावतीत आणि खरेदीखतात क्षेत्र चौरस मीटरांत लिहिले जावे व त्याशेजारी गुंठ्यांतील आकडा असावा. दर ज्या मापाने सांगितला त्याच मापाने एकूण क्षेत्रही सांगणे बंधनकारक व्हावे. कायदा होईल तेव्हा होवो. तोपर्यंत, डोंगराकडेला सुटीचे घर बांधू पाहणाऱ्या आमच्या मध्यमवर्गीय वाचकांनी आणि त्यांस जमीन देणाऱ्या मावळातील घरांनी एक नियम पाळावा: सातबाऱ्यावरील क्षेत्राचे गुंठे आणि फूट घरातील शाळकरी मुलाकडून, आपल्यासमोर, कागदावर करवून घ्यावे, आणि ते उत्तर इसारपावतीशी जुळल्याशिवाय सही करू नये.