सावरगावचा अभ्यास कोणी करावयाचा?

पोळ्याची कर उजाडली की जाम नदीच्या पात्रात पळस उभा राहतो, एका तीरावर पांढुर्णा आणि दुसऱ्या तीरावर सावरगाव जमते, आणि सायंकाळपर्यंत जखमींचा आकडा वृत्तपत्रांच्या हाती लागतो. सावरगावचे नाव देशभर छापून येते ते त्या आकड्यापुरते. एका गावाची शतकानुशतकांची परंपरा रुग्णालयाच्या नोंदवहीत आणि पोलीस ठाण्याच्या दप्तरात तेवढी लिहिली जावी, विद्यापीठाच्या ग्रंथालयात तिला बोटभर जागा मिळू नये, ही स्थिती आम्हांस लाजिरवाणी वाटते.

गोटमारीत आणखी एकही जीव जाऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. परंतु जी प्रथा समजलेली नाही ती बदलता येत नाही. दगडांऐवजी रबरी चेंडू देण्याचा प्रयोग प्रशासनाने करून पाहिला. लोकांनी तो झिडकारला. का झिडकारला, हे कोणी विचारले काय? पांढुर्ण्याचा तरुण आणि सावरगावची कन्या यांच्या पलायनाची कथा येथील पोरासोरांना पाठ आहे. पण ती कथा विधीच्या आधीची, की विधीचा अर्थ लावण्यासाठी मागाहून जोडलेली? झेंडा बांधलेला पळस अखेर चंडीमातेच्या चरणी का जातो? ज्या दिवशी जामेच्या पात्रात गोटे उडतात त्याच दिवशी नागपुरात काळी व पिवळी मारबत निघते. या दोन आचारांचा काही संबंध आहे काय? हे प्रश्न दंडाधिकाऱ्याच्या मनाईहुकुमाने सुटणारे नव्हेत. त्यांसाठी लोकसाहित्याचा, इतिहासाचा व समाजशास्त्राचा अभ्यासक नदीच्या दोन्ही तीरांवर वर्षभर राहिला पाहिजे. करीच्या सकाळी येऊन संध्याकाळच्या गाडीने परतणारा येथे कामाचा नाही.

विद्वत्तेची दृष्टी या भूमीकडे वळली तेव्हा काय हाती आले, याचा एक दाखला पुरेसा आहे. वाकाटक नृपती दुसरा प्रवरसेन याचे पाचव्या शतकातील ताम्रपट पांढुर्ण्यास सापडले. नागपूरचे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी वाकाटकांचे कोरीव लेख एकत्र करून १९६३ साली जो बृहद्ग्रंथ सिद्ध केला, त्यात पांढुर्ण्याच्या पत्र्यांस स्थान मिळाले आणि या परिसराचा दीड हजार वर्षांचा धागा विदर्भाच्या इतिहासात पक्का ओवला गेला. त्या कामास ना मोर्चा लागला, ना घोषणा. लागली ती अक्षर वाचणारी नजर. दुसरी गोष्ट तर नागपूरकरांनीच विसरू नये. त्यांचे शहर वसविणारा बख्त बुलंद शहा हा देवगडचा गोंड राजा, आणि देवगड छिंदवाडा जिल्ह्यात आहे. नागपूरचा इतिहास लिहावयास बसणाऱ्याला सीमा ओलांडून इकडे यावेच लागते.

१९२३ साली नागपूर विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा नागपूर आणि छिंदवाडा एकाच मध्यप्रांतात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो, आणि नकाशावरची रेघ संशोधकांच्या मनातही ओढली गेली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने मराठीच्या बोलींचे जे सर्वेक्षण अलीकडे केले, ते मोलाचे आहे यात शंका नाही. पण त्याची चौकट महाराष्ट्राच्या जिल्ह्यांची. उलट ग्रिअर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाचा मराठीवरील सातवा खंड १९०५ साली निघाला, त्यात नागपुरी बोलीचे क्षेत्र छिंदवाड्याच्या दक्षिण भागापर्यंत धरलेले आहे. परकीय सरकारच्या अधिकाऱ्याला जे दिसले ते स्वकीयांस दिसू नये?

येथे एक अप्रिय वाटणारी गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतो. त्याच ग्रिअर्सन यांनी छिंदवाड्यातील भोयरीची गणना मराठीत केली नाही, माळवीच्या मिश्र रूपांत केली. आमच्या कित्येक शेजाऱ्यांच्या घरात आजही ती बोली बोलली जाते. विलीनीकरणाच्या कार्यकर्त्यांपैकी काहींना ही नोंद अडचणीची वाटते. आम्हांस तशी वाटत नाही. खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुमत आणि लोकेच्छा या ज्या तत्त्वांवर सीमाभागाची मागणी उभी आहे, त्यांचा निवाडा पुराव्याने व्हावयाचा आहे. जो पुरावा सोयीचे तेवढेच सांगतो तो पहिल्याच उलटतपासणीत कोसळतो. तेव्हा विद्यापीठाने येथे यावे ते आमची वकिली करण्यासाठी नव्हे. मराठी, भोयरी, गोंडी, हिंदी या बोली कोणत्या घरात, कोणत्या बाजारात, कोणत्या देवळात बोलल्या जातात हे त्याने मोजावे, आणि जे निघेल ते निर्भयपणे छापावे. त्यातील काही आमच्या विरुद्ध गेले तरी आम्ही ते याच स्तंभात छापू.

काळ अनुकूल आहे. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मिळाला. रिद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आहे. वरूड ओलांडले की आमचा मुलूख लागतो, म्हणजे मुंबई-पुण्याहून ते आम्हांस कितीतरी जवळचे. छिंदवाड्यात २०१९ साली विद्यापीठ झाले, राजा शंकर शहा यांचे नाव आता त्यास आहे. छिंदवाडा, बैतूल, सिवनी, बालाघाट हे त्याचे क्षेत्र, आणि या चारही जिल्ह्यांच्या दक्षिण कडेला मराठी माणूस राहतो. तेथे मराठीचे अध्यासन असावे ही मागणी भोपाळविरुद्धची कुरापत नव्हे, ते त्या विद्यापीठाचे साधे कर्तव्य होय. पांढुर्णा २०२३ पासून जिल्ह्याचे ठिकाण झाले आहे. जिल्ह्याला जसे नवे कार्यालय लागते तसे अभिलेखागारही लागते, हे नव्या अधिकाऱ्यांच्या ध्यानी आणून देण्याचे काम आमच्या लोकप्रतिनिधींनी अद्याप करावयाचे आहे.

गावकऱ्यांनी मात्र विद्यापीठांची वाट पाहत बसू नये. जुन्या वाड्यांतील मोडी कागदांना वाळवी आमच्या ठरावांसाठी थांबत नाही. जात्यावरच्या ओव्या म्हणणाऱ्या आजीबाई आणि दंडारीत उभी हयात काढलेले म्हातारे दरवर्षी कमी होत आहेत. खिशातला मोबाइल ध्वनिमुद्रण करू शकतो. सावरगाव, पांढुर्णा व सौंसर येथील शिक्षकांनी येत्या सुटीत दहा-दहा घरे वाटून घ्यावीत. गाणे सांगणाऱ्याचे नाव, गाव, वय आणि तारीख तेवढी न चुकता नोंदवावी, नाहीतर विद्वानांच्या लेखी ते मुद्रण निरुपयोगी ठरते. मोडी कागद घराबाहेर काढू नयेत. मालकाच्या संमतीने त्यांची छायाचित्रे घ्यावीत आणि एकेक प्रत नागपूर, रिद्धपूर व छिंदवाडा या तिन्ही विद्यापीठांकडे रीतसर पोच घेऊन पाठवावी. तिघांपैकी कोणाची पोच प्रथम येते, ते आम्ही वाचकांस कळवू.