पेटी लावली, पुढे काय?

दोन वर्षांपूर्वी २० मार्चला आपल्या हॉस्टेलच्या मागच्या भिंतीवर चिमण्यांसाठी सहा पेट्या लागल्या. फोटोत मोजून बत्तीस जण आहेत. परवाच्या रविवारी त्या साफ करायला आम्ही तिघे होतो, त्यातला एक नुसती शिडी धरायला. (शिडीही माळीकाकांची!)

गंमत म्हणजे पेट्या उघडेचनात. झाकणं चारी बाजूंनी खिळे ठोकून बंद! मशीन ड्रॉइंगला तीन-तीन व्ह्यू काढणारे आपण, आणि आत हात घालायची सोयच ठेवली नाही. व्हायवाला असं डिझाइन नेलं असतं तर एक्स्टर्नलने फाइल तोंडावर मारली असती. शेवटी वर्कशॉपमधून पटाशी आणली.

चार पेट्यांत काहीच नव्हतं. त्यांची तोंडं पश्चिमेला, म्हणजे दुपारभर भाजणार. चिमणी शहाणी, ती आलीच नाही. पाचवीत मात्र घरटं होतं. गवत, पिसं, आणि निम्म्याहून जास्त सूत. तळाशी एक पिल्लू, वाळून गेलेलं. त्याच्या पायाला पॉलिस्टरच्या धाग्याचे वेढे पडले होते. पंख फुटले होते, म्हणजे उडायच्या बेतात असणार. भावंडं गेली, हे बांधलेलंच राहिलं. शिडीवरचा आमचा मित्र एरवी फार बडबड्या, तो काही न बोलता खाली उतरला.

शेलारमध्ये राहून हे आपल्या लक्षात यायला हवं होतं. भिवंडीच्या यंत्रमागांचा खडखडाट आपल्याला झोपेतही ऐकू येतो. धागा आणि चिंधी रस्त्याकडेला, गटारात, आपल्या कुंपणाच्या तारेवर, सगळीकडे. चिमणीला मऊ काहीतरी हवं असतं, ती ते उचलते. सुती धागा निदान कुजून तुटतो, पॉलिस्टर तुटत नाही. पेटी साफ केली नाही की पुढच्या विणीची चिमणी त्याच गुंत्यावर नवा थर रचते. थर चढत चढत घरटं भोकापर्यंत येतं आणि मग कावळ्याची चोच, मांजराचा पंजा अंड्यांपर्यंत सहज पोचतो. शिवाय जुन्या गादीत पिसवा आणि बारीक किडे, ते वेगळेच.

काही जण म्हणतील, ‘झाडाच्या ढोलीत कोण झाडू मारायला जातं?’ मुद्दा बरोबर आहे. जुन्या घरट्यातसुद्धा चिमणी पिल्लं वाढवते. पण ढोली आपण टांगलेली नसते. पेटी आपण टांगली, तीही धाग्याच्या गावात. बोलावलं आपण, तर आतलं बघणंही आपल्याकडेच आलं. माझं मत स्पष्ट सांगतो : ज्याला वर्षातून एकदा शिडी चढायची नाही, त्याने पेटी लावूच नये. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीने २०१० पासून जागतिक चिमणी दिन सुरू केला, तो चांगलाच आहे. पण आपण त्यातला फक्त दिन उचलला.

साफ कधी करायची, हा जरा अवघड भाग. ब्रिटनमध्ये हंगाम संपला की शरद ऋतूत पेट्या झाडतात. आपल्याकडची चिमणी असं कॅलेंडर पाळत नाही, ती वर्षात कधीही घरटं करू शकते. अंडी उबायला साधारण बारा दिवस, पिल्लं उडायला आणखी पंधरा, आणि लगेच पुढची वीण. म्हणून आधी पंधरा दिवस खालून नुसतं बघायचं. ये-जा दिसली तर हात लावायचा नाही. पावसाळा संपल्यावर, दिवाळीच्या सुट्टीआधीचा रविवार बरा. ऑक्टोबरच्या उन्हात लाकूड खडखडीत वाळतं.

काम अर्ध्या तासाचं. तोंडाला मास्क, हातात मोजे. जुन्या घरट्यावर आधी पाणी शिंपडायचं, नाहीतर सगळी धूळ नाकात. गादी काढून पिशवीत बांधायची, उघड्यावर टाकली तर तोच धागा परत वर येणार. मग मेसमधून उकळतं पाणी आणून आत ओतायचं. (मावशी आधी ओरडल्या, मग स्वतःच पातेलं घेऊन आल्या.) ढेकूण मारायचा स्प्रे किंवा फिनेल अजिबात नको. तळाची पाणी जायची भोकं मोकळी करायची, पेटी उन्हात पूर्ण वाळवायची. आणि झाकणाला खिळ्यांऐवजी बिजागरी आणि कडी.

हॉस्टेलच्या पाण्याच्या टाकीवर ‘स्वच्छ केल्याची तारीख’ रंगवलेली असते. तशीच ती पेटीच्या बुडावर रंगवा, एवढीच हॉस्टेल कमिटीला विनंती. वॉर्डन सरांशी बोललो आहे, त्यांनी ‘बघू’ म्हटलं आहे.

पाच पेट्या धुऊन वाळवून ठेवल्या आहेत. या वेळी त्या पूर्वेच्या भिंतीवर, सज्जाखाली लावायच्या. बिजागऱ्या दहा लागतील. सहावीला आम्ही हात लावला नाही, तिच्यात सध्या चिमणी आहे. तिच्या खाली कुंपणाला अडकलेलं सूत मात्र रोज कोणीतरी काढायला हवं. या आठवड्यात मी काढतोय, पुढच्या आठवड्यासाठी नाव हवंय.