चार्जवर चार्जशीट

इंग्रज गेले, पण त्यांचा एक शब्द कोणाला चार्ज न देता इथेच राहून गेला. त्याचं नावच ‘चार्ज’.

आमच्या राळेगावात सकाळी उठल्यापासून त्याची ड्यूटी सुरू होते. आधी मोबाइल चार्जला लावायचा. मग कचेरीत जावं तर साहेब रजेवर, त्यांचा चार्ज दुसऱ्याकडे, आणि तो दुसरा मीटिंगसाठी यवतमाळला. पेशंटला डिस्चार्ज मिळतो, पण चार्जेस भरल्यावर. मोर्चावर लाठीचार्ज, नोकरदाराला चार्जशीट, आणि शाळेतली पोरं प्लस चार्ज, मायनस चार्ज घोकत बसलेली. एवढी खाती मुख्यमंत्रीसुद्धा स्वतःकडे ठेवत नाहीत!

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. भाषाशास्त्राशी आमचा संबंध रजेच्या अर्जापुरता. पण कोश उघडायला चार्ज पडत नाही, म्हणून उघडला. मूळ लॅटिन शब्द ‘कारुस’, म्हणजे गाडी. त्यावरून क्रियापद झालं, गाडीत माल लादणे. आपली ‘कार’ आणि जहाजावरचा ‘कार्गो’ ही त्याचीच भावंडं. म्हणजे बंदुकीत दारू भरा, बॅटरीत वीज भरा, कोणावर आरोप लादा नाहीतर कारकुनावर शाखा लादा, मुळात सगळं एकच : ओझं! गंमत म्हणजे आमच्या तलाठ्यांना लॅटिन येत नाही, तरी सातबाऱ्याच्या इतर हक्कांत बँकेच्या कर्जाची नोंद होते ती ‘बोजा’ म्हणून. बँकेच्या इंग्रजी कागदावर त्यालाच ‘चार्ज’ म्हणतात. जे पंडितांना कोशात सापडतं ते शेतकऱ्याला पाठीवर आधीच सापडलेलं असतं.

आता, एका शब्दाला दहा अर्थ असण्याशी माझं भांडण नाही. आपल्या ‘कर’ या शब्दाचा अर्थ हात, सारा आणि ‘काम कर’ मधली आज्ञा असा तिहेरी आहे, आणि तिन्हींची सांगड घातली की सरकार तयार होतं. माझं भांडण वेगळं आहे. पैसे घेणाऱ्याला ते कशाचे घेतले हे सांगायचं नसलं की तो या शब्दाच्या आड जाऊन उभा राहतो.

एक म्हातारे शेतकरी पासबुक घेऊन माझ्या खिडकीशी आले.

“भाऊ, माह्या खात्यातले पैसे काऊन कापले?”

“चार्जेस आहेत, काका.”

“कायचे?”

“सर्व्हिसचे.”

“अन् सर्व्हिस कोन्ती देल्ली?”

मी काही बोलायच्या आत त्यांनी खिशातून कापूस विकल्याची पट्टी काढली. “हे पाहा. हमाली हमालानं नेली. तोलाई तोलनाऱ्यानं नेली. मंग हे चार्जेस कोनं नेले?”

मी संगणकाकडे पाहिलं. संगणकाने माझ्याकडे पाहिलं. बाजारातल्या पट्टीवर कापलेल्या प्रत्येक पैशाला बापाचं नाव असतं. आमच्या पासबुकातले चार्जेस मात्र निनावी फिरतात.

किमान शिल्लक नाही म्हणून लागणारा चार्ज घ्या. शिल्लक कमी आहे म्हणून ती आणखी कमी करायची, असं हे औषध. २०१९-२० ते २०२३-२४ या पाच वर्षांत सरकारी बँकांनी या खाती सुमारे ८,५०० कोटी रुपये जमवले, असं अर्थमंत्रालयाने २०२४ साली संसदेत सांगितलं. स्टेट बँकेने २०२० साली आणि आणखी काही सरकारी बँकांनी २०२५ साली ही वसुली सोडून दिली, हे चांगलंच झालं. पण पासबुकात पहिल्या दिवसापासून ‘गरिबीचा दंड’ असं छापलं असतं तर ती इतकी वर्षं चालली असती का, सांगा!

नावात काही नसतं म्हणणाऱ्यांनी रिझर्व्ह बँकेचं १८ ऑगस्ट २०२३ चं परिपत्रक वाचावं. थकलेल्या हप्त्यावर बँका दंडव्याज लावत. रिझर्व्ह बँकेने बजावलं, दंड घ्यायचा तर दंड म्हणून वेगळा घ्या, व्याजात मिसळू नका आणि त्यावर पुन्हा व्याज चढवू नका. नव्या कर्जांना हा नियम १ एप्रिल २०२४ पासून लागला. नुसतं नाव वेगळं केलं आणि दंडावरचं व्याज थांबलं.

पैशाचं राहू द्या, या शब्दावर जीवही टांगणीला लागतो. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री आमच्याच तालुक्यात बोराटीच्या जंगलात अवनी वाघीण गोळीला बळी पडली. तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका तिच्यावर होता. भीती खरी होती, शेतं ओस पडली होती. गोळी घालणाऱ्यांचं म्हणणं, तिने ‘चार्ज’ केला. शवविच्छेदनानंतर शंका निघाली, गोळी लागली तेव्हा तिचं तोंड दुसरीकडे होतं. आमचा गुराखी असल्या वेळी एवढंच विचारतो, “तोंड कोन्या बाजूनं होतं?” ‘अंगावर आली’ म्हटलं की हा प्रश्न लगेच सुचतो. ‘चार्ज केला’ म्हटलं की माणूस साहेबी शब्दापुढे टोपी काढून गप्प बसतो.

यावर विद्वान म्हणतील, मराठी प्रतिशब्द जड असतात. असतात ना! वीजबिलात चार्जचं ‘आकार’ केलं. ‘स्थिर आकार’, ‘वहन आकार’ वाचून गिऱ्हाईक स्वतःचाच आकार चाचपून पाहतं. पण मी कुठे नवे शब्द पाडा म्हणतो? भाडं, दंड, हमाली, दलाली, बोजा, आरोप, ताबा हे सगळे शब्द कामावर हजर आहेत. त्यांना बिनपगारी रजेवर पाठवून एकट्या ‘चार्ज’ला ओव्हरटाइम देणं बंद करा, एवढंच म्हणतो.

तेव्हा वाचकहो, यापुढे कोणत्याही खिडकीवर ‘चार्जेस आहेत’ असं ऐकलंत तर पाकीट काढू नका. आधी विचारा, हमाली की दंड? हमाली असेल तर हमाल दाखवा, दंड असेल तर गुन्हा सांगा. खिडकीपलीकडचा कारकून गोंधळला तर त्याच्यावर रागावू नका. पट्टीवाल्या काकांचा प्रश्न त्याने हेड ऑफिसला कधीच कळवलेला आहे. उत्तर अजून पेंडिंग आहे.